मापात चूक

मीटिंगमध्ये ठरलं
की पोडियमवरच्या तणाचा कायमचा बंदोबस्त करायचा
आणि कापड निवडायला मला पाठवायचं,
कारण तीस वर्षं मी कापडच तपासलं:
वरळीच्या प्रयोगशाळेत, भिंगाखाली,
एका इंचात उभे धागे किती, आडवे किती.
"तुम्हाला कळतं त्यातलं," हळदणकर म्हणाले.
कळतं.
पण आजवर एकाही कापडाला मी विचारलं नव्हतं,
तू कुणाला दाबून धरणार आहेस.

मशीद बंदरला, ताडपत्र्यांच्या गल्लीत,
मुर्तझाभाईंनी गुंडाळ्या उलगडल्या.
एक नुसतंच काळं प्लास्टिक. स्वस्त.
वर पाणी साचणार, खाली माती आंबणार,
आणि मुलुंडचे डास आणखी कशाला पोसायचे?
दुसरं न विणलेलं, घोंगडीसारखं मऊ,
अंगठ्यानं ताणलं तर विरलं
जुन्या गंजिफ्रॉकसारखं.
मग विणलेलं. नव्वद जीएसएम, एकशेवीस जीएसएम,
पाच वर्षं उन्हाची हमी.
"हमी कोण देतं?"
"ऊनच देतं, बाई," म्हणाले, आणि चहा मागवला.

पिशवीतून भिंग काढलं. सवय.
कापड उजेडाकडे धरलं:
काळोखाला सुईनं टोचावं
तशी बारीक बारीक छिद्रं,
पाणी जाईल, हवा जाईल,
हिरवं काही वर येणार नाही.
हातभर नमुना घेऊन आले.

आमचा माळी जान्या वरठा, विक्रमगडकडचा.
त्यानं नमुना खोलगट धरला,
त्यात तांब्याभर पाणी ओतलं
आणि ते गळून जाईपर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला, "बाकी सगळं थांबेल. लव्हाळा नाही थांबायचा.
त्याचं टोक बघा."
पाहिलं. शिंप्याकडे असतं तसलं टोक.

"आणि ही माती कुठली, माहितीय?"
बिल्डरच्या कागदात होतं: लाल माती, बावीस ट्रक.
एवढंच.
"आमच्याकडची," तो म्हणाला, "गवतावरून कळतं."
आणि खाली बसून एकेकाची ओळख करून देऊ लागला,
लग्नात आपल्याकडच्या पाहुण्यांची देतात तशी:
हा केना. हा कुर्डू.
हा टाकळा, कोवळा असला तर भाजी.
हा आघाडा,
जो हळदणकर गणपतीत
दादरहून पुडीत बांधून आणतात,
चाळीस रुपयांना.

मी एकशेवीस घेतलं. घट्ट विणीचं.
जान्यानं अंथरलं, जोडावर वीतभर कापड चढवलं,
हातोडीनं खिळे ठोकले, चाफ्यासाठी फुली कापली,
आणि धागे सुटू नयेत म्हणून
कडा उदबत्तीनं भाजल्या.
तो वास आला आणि मी एकदम प्रयोगशाळेत.
धागा जाळूनच ओळखायचो आम्ही:
सूत कागदासारखं जळतं, रेशीम केसासारखं,
आणि हे मेणासारखं ओघळतं,
खाली पडलं की थंड, कडक,
काळ्या मण्यासारखं.
माती असलं काही करत नाही.

पंपरूमच्या मागे, भिंतीलगत,
दोन मीटरची पट्टी उघडी राहिली.
कापड कमी पडलं.
मिनिट्समध्ये मीच लिहिलं: मापात चूक.
हळदणकरांनी चष्म्यावरून पाहिलं,
तीस वर्षं धागे मोजणाऱ्या बाईकडे,
आणि सही केली.

परवा जान्याच्या डब्यात टाकळ्याची भाजी होती.
एक घास मी घेतला. मीठ जरा जास्त.
लव्हाळा मात्र आलाच, एकशेवीसमधून,
सरळ, ताठ, छिद्र शोधत न बसता.
भिंग घेऊन खाली गेले.
एका फुटात तीन.